सेल्युलर जेल : मनोरा की भिंत?



आजचा विषय तुमच्या ओळखीचा आहे. अंदमानचं सेल्युलर जेल. महाराष्ट्रात हे नाव शाळेपासून कानावर असतं. ‘माझी जन्मठेप’ ज्या घरात कुणी वाचलेलं नाही, त्या घरातही कोलू माहीत असतो. त्यामुळे तिथल्या छळाची यादी मी आज पुन्हा वाचून दाखवणार नाही. मला त्या इमारतीकडे इमारत म्हणून बघायचं आहे. ती कशासाठी बांधली, तिचा नकाशा कुठून आला, तो नकाशा प्रत्यक्षात चालला का, आणि आज आपण तिचं जे स्मारक केलं आहे ते तिला न्याय देतं का, हे आजचे प्रश्न.

सुरुवात एका वाक्यापासून करतो. सेल्युलर जेलवरचा कुठलाही लेख उघडा, माहितीपट बघा, एक वाक्य हमखास येतं : ‘हा तुरुंग जेरेमी बेंथमच्या पॅनॉप्टिकॉनच्या कल्पनेवर बांधलेला आहे.’ मधे मनोरा, भोवती सात इमारती, म्हणजे झालं पॅनॉप्टिकॉन. हे वाक्य इतक्या वेळा लिहिलं गेलंय की ते आता कोणी तपासत नाही. माझं म्हणणं असं की हे वाक्य चूक आहे. आणि ही चूक निव्वळ पारिभाषिक असती तर तासभर तुमचा वेळ घेतला नसता. या चुकीमुळे त्या तुरुंगात नेमकं काय घडलं हे दिसायचं राहून जातं, म्हणून हा खटाटोप.

आधी बेंथम. १७८० च्या दशकात बेंथम रशियात आपल्या भावाकडे राहायला गेला होता. भाऊ सॅम्युएल इंजिनिअर. कारखान्यातल्या कामगारांवर एका जागेवरून देखरेख कशी करता येईल, याचा विचार त्याने केलेला होता. बेंथमने ती कल्पना उचलली आणि तुरुंगाला लावली. १७९१ साली ते लिखाण पुस्तकरूपाने आलं. कल्पना अशी : इमारत गोल. परिघावर कोठड्या. प्रत्येक कोठडीला दोन खिडक्या, एक बाहेरच्या बाजूला आणि एक आत केंद्राकडे. बाहेरून उजेड आत येतो आणि कैदी त्या उजेडात पडद्यावरच्या सावलीसारखा उठून दिसतो. मधे निरीक्षकाची जागा, तिला पडदे, झडपा. निरीक्षक सगळ्यांना बघू शकतो, कैद्याला मात्र तो दिसत नाही. तो आत्ता आपल्याकडे बघतोय की नाही, तो तिथे आहे तरी की नाही, हे कळत नसल्यामुळे कैदी चोवीस तास नीट वागतो. म्हणजे पॅनॉप्टिकॉनचा सगळा डोलारा नजरेवर उभा आहे. कोठडीच्या आत नजर पोचलीच पाहिजे. ती पोचत नसेल तर बाकी काहीही असो, ते पॅनॉप्टिकॉन होत नाही.

आता आपण पोर्ट ब्लेअरला जाऊ. २०२४ पासून या शहराचं अधिकृत नाव श्री विजयपुरम झालं आहे. मी इतिहासाबद्दल बोलतोय म्हणून जुनं नाव वापरतो. १८९६ साली तिथे बांधकाम सुरू झालं आणि १९०६ मध्ये पुरं झालं. बांधणारे हात कैद्यांचेच. मधे मनोरा, त्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात सरळ इमारती, प्रत्येक तीन मजली. एकूण कोठड्या ६९० हून जास्त. सामायिक बराक एकही नाही, सगळ्या एकेकट्या कोठड्या, आणि म्हणूनच नाव सेल्युलर. कोठडी साधारण तेरा-चौदा फूट लांब, सात-आठ फूट रुंद. पुढे लोखंडी गजांचं दार, मागच्या भिंतीत जवळजवळ तीन मीटर उंचीवर एक झरोका. दाराची कडी भिंतीतल्या एका खोबणीत, दारापासून इतकी लांब की आतल्या माणसाचा हात तिथे पोचू नये.

मराठी माणसाला हा आराखडा समजावायला एकच शब्द पुरे : चाळ. एका रांगेत खोल्या आणि त्यांच्यासमोरून जाणारा लांबलचक व्हरांडा. गिरगावातली चाळ घ्या किंवा परळची, रचना हीच. फरक व्हरांडा कोणाचा, यात आहे. आपल्या चाळीत व्हरांडा सगळ्यांचा असतो. तिथे पोरं खेळतात, पापड वाळतात, भांडणं होतात आणि मिटतात. अंदमानच्या चाळीत व्हरांडा पहारेकऱ्याचा. खोलीतला माणूस तिथे स्वतःच्या मर्जीने येऊ शकत नाही. चाळीतून शेजार काढून घेतला तर जे उरेल, ते सेल्युलर जेल.

आता मनोऱ्यावर उभं राहून काय दिसतं, याचा विचार करा. इमारती मनोऱ्यापासून सरळ रेषेत लांब जातात. कोठड्यांची दारं त्या रेषेला काटकोनात आहेत, बाजूच्या अंगाला. मनोऱ्यावरच्या शिपायाला व्हरांडे दिसतात, अंगणं दिसतात. कोठडीच्या आतलं त्याला दिसत नाही. आपण चाळीच्या जिन्यापाशी उभे राहिलो तर अख्खी गॅलरी दिसते, पण दहाव्या खोलीत कोण काय करतंय ते दिसत नाही, तसंच हे. मग मनोरा कशासाठी? व्हरांड्यांवर लक्ष ठेवण्यासाठी, आणि धोक्याची घंटा वाजवण्यासाठी. आणि व्हरांड्यात फिरतं कोण? पहारेकरी. हे पहारेकरी बहुतेक कैद्यांमधूनच नेमलेले असत. वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडाल, जमादार अशी त्यांची उतरंड होती. म्हणजे नीट पाहिलं तर मनोऱ्याची नजर कैद्यापेक्षा कैद्यावर नेमलेल्या कैद्यावर जास्त होती. सरकारचा खरा अविश्वास कोणावर होता, हेही त्यातून कळतं.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते ही जास्त महत्त्वाची. या सात चाळींची मांडणी अशी आहे की एका चाळीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या चाळीच्या पाठीकडे येतात. समोरासमोर दारं कुठेच नाहीत. गजांना तोंड लावून समोर बघितलं तर दिसते दुसऱ्या चाळीची मागची भिंत आणि उंचावरच्या झरोक्यांची ओळ. एवढी काळजी बेंथमच्या नकाशात लागत नाही. तिथे निरीक्षकाला दिसणं हाच मुद्दा. इथे मुद्दा एका कैद्याला दुसरा कैदी न दिसण्याचा आहे. ही इमारत बघण्याचं यंत्र म्हणून बांधलेली नसून तोडण्याचं यंत्र म्हणून बांधलेली आहे. माणसापासून माणूस तोडायचा. आणि ते काम मनोरा करत नाही, भिंत करते.

मग हा नकाशा आला कुठून? त्याचं मूळ अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात सापडतं. १८२९ साली तिथे ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी सुरू झाली. वास्तुरचनाकार जॉन हॅविलंड. मधे गोल दालन आणि त्यातून निघालेल्या मूळच्या सात इमारती. सात हा आकडा लक्षात ठेवा. या तुरुंगामागे क्वेकर पंथाच्या विचारांचा प्रभाव होता. माणसाला एकटं ठेवलं, त्याच्या हातात बायबल दिलं, कोणाशी बोलू दिलं नाही, तर तो अंतर्मुख होईल आणि पश्चात्ताप करील, अशी समजूत. प्रत्येक कोठडीला छतातून उजेड, मागे स्वतंत्र छोटं अंगण, आत पाणी आणि संडाससुद्धा. माणूस कोठडीबाहेर येणारच नसेल तर सगळं आतच द्यायला हवं, असं साधं गणित. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्सने हा तुरुंग पाहिला आणि हा एकांतवास शरीराच्या छळाहूनही वाईट आहे अशी त्यावर कडक टीका केली.

पण डिकन्सचं कोण ऐकतंय? त्याच १८४२ साली लंडनमध्ये पेंटनव्हिलचा तुरुंग उघडला. जोशुआ जेब या लष्करी इंजिनिअरचा आराखडा. मध्यवर्ती दालनातून निघालेल्या इमारती, ५२० कोठड्या, प्रत्येक १३ फूट लांब, ७ फूट रुंद. माप ओळखीचं वाटतंय ना? कैद्यांनी कोठडीबाहेर येताना चेहरा झाकणारी टोपी घालायची. प्रार्थनेलासुद्धा प्रत्येकाला वेगळा खण, शेजारचा दिसू नये म्हणून. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट अशी की पेंटनव्हिल बांधलं गेलं ते ऑस्ट्रेलियाला पाठवायच्या कैद्यांसाठी. आधी इथे सुरुवातीला ठरलेले अठरा महिने एकांत, मग जहाज. म्हणजे ‘काळं पाणी’ आणि एकांत कोठडी यांची जोडी इंग्रजांनी अंदमानच्या पन्नास वर्षं आधी लंडनमध्ये लावून पाहिली होती.

अंदमानची वसाहत सुरू झाली १८५७ च्या उठावानंतर. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर २०० कैदी घेऊन तिथे उतरला. सुरुवातीची कित्येक वर्षं तिथला तुरुंग म्हणजे बेटच होतं. जंगल, समुद्र, मलेरिया. भिंतींची गरज काय? वायपर बेटावर तुरुंग होता, पण बहुसंख्य कैदी उघड्यावर राबत. जंगल तोडायचं, दलदल भरायची, रस्ते करायचे. वर्षं भरली की चांगल्या वागणुकीच्या कैद्याला थोडी जमीन मिळे, लग्न करता येई, घर करून राहता येई. १८७२ साली शेर अली या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा तिथे खून केला, तोसुद्धा उघड्या जेट्टीवर. बेटावर कैदी किती मोकळे हिंडत होते, हे त्यावरून लक्षात येईल.

मग १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी वसाहतीची पाहणी केली. त्यांना काय आढळलं? हिंदुस्थानातल्या तुरुंगात खितपत पडण्यापेक्षा गुन्हेगारांना अंदमान बरं वाटतं! समुद्र ओलांडला की जात जाते, म्हणून काळ्या पाण्याची दहशत बसेल, हा सरकारचा हिशोब. तो हिशोब कैद्यांनीच चुकवला होता. तेव्हा या दोघांनी सुचवलं की जन्मठेपेच्या सुरुवातीला एक कडक टप्पा असावा. आल्या आल्या माणूस मोडला पाहिजे. त्या शिफारशीतून सेल्युलर जेल उभं राहिलं.

यातून निघणारी गोष्ट मी जरा सावकाश सांगतो, कारण ती आपल्या मनातल्या चित्राला धक्का देणारी आहे. हा तुरुंग क्रांतिकारकांसाठी बांधलेला नव्हता. तो खुनी, दरोडेखोर अशा सर्वसाधारण जन्मठेपेच्या कैद्यांसाठी होता. आणि तोही जन्मभरासाठी नव्हे. नियम असा होता : नव्या कैद्याने पहिले सहा महिने सेल्युलर जेलमध्ये काढायचे. पुढचे दीड वर्ष दुसऱ्या तुरुंगात, दिवसा टोळीत काम आणि रात्री वेगळी कोठडी. मग तीन वर्षं बराकीत. मग आणखी पाच वर्षं हलकं काम आणि जराशी मोकळीक. दहा वर्षांनी स्वतःच्या पोटापुरतं कमवायची परवानगी. असा हा जिना होता, आणि सेल्युलर जेल ही त्याची सर्वांत खालची, सर्वांत काळोखी पायरी.

१९०९ च्या अखेरीपासून अलीपूर बॉम्ब खटल्यातले बंगाली तरुण तिथे येऊ लागले. बारींद्रकुमार घोष, उल्हासकर दत्त, हेमचंद्र कानूनगो. मग नाशिक प्रकरणातले बाबाराव सावरकर. ४ जुलै १९११ रोजी विनायकराव सावरकर. पुढे गदर चळवळीतले पंजाबी. या लोकांना जिन्यावरच चढू द्यायचं नाही, असं सरकारचं धोरण राहिलं. बेटावर मोकळं सोडलं तर हे इतर कैद्यांना बिघडवतील, ही भीती. त्यामुळे सहा महिन्यांसाठी बांधलेल्या खोल्यांत माणसं वर्षानुवर्षं राहिली. सावरकर दहा वर्षं अंदमानात होते. पहिल्या पायरीचाच मुक्काम झाला. या तुरुंगातलं क्रौर्य फक्त बारीच्या शिव्यांत किंवा कोलूच्या दांड्यात शोधू नका. ते या हिशोबातही आहे.

आणि नकाशा इंग्लंडहून आला तेव्हा त्यातलं काय आलं आणि काय गळलं, तेही बघा. भिंती आल्या. एकांत आला. पाण्याचा नळ आणि संडास मात्र समुद्रात पडले. रात्री कोठडीत एक मडकं द्यायचं आणि त्यात भागवायचं. फिलाडेल्फियाच्या एकांतामागे निदान सुधारणेची भाबडी श्रद्धा होती. पोर्ट ब्लेअरच्या कागदांत सुधारणा जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर आहे; या पायरीचं काम फक्त जरब बसवण्याचं.

आता पुढचा प्रश्न. हे तोडण्याचं यंत्र चाललं का?

काही जणांवर ते चाललं, हे आधी कबूल केलं पाहिजे. आपल्याला वीरकथा आवडतात, पण १९१२ साली इंदुभूषण रॉय याने कोठडीत गळफास घेतला. त्याच वर्षी उल्हासकर दत्तच्या मनाचा तोल गेला आणि पुढे त्याला मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागलं. हे दोघे कच्चे होते असं समजू नका. इमारत जे करायला बांधली होती ते तिने केलं. सावरकर बंधू एकाच तुरुंगात असूनही बराच काळ त्यांची भेट झाली नाही. एका आवारात दोन सख्खे भाऊ इतके लांब ठेवता येतात, ही भिंतीची ताकद.

पण ही भिंत जागोजाग फुटलीही. कशी फुटली? पहिलं कारण सरकारचा स्वतःचा लोभ. शुद्ध एकांत महाग पडतो. कैद्याला आत बसवून ठेवायचं तर त्याच्याकडून पैसा कसा निघणार? म्हणून काम हवं. काथ्या कुटायचा, दोरखंड वळायचे, कोलूला जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल गाळायचं. कोलू काही कोठडीत मावत नाही. त्यासाठी चाळींच्या मधल्या अंगणांत शेड उभ्या केल्या. म्हणजे सात चाळी ज्या कारणासाठी एकमेकींकडे पाठ करून उभ्या केल्या, तेच कारण अंगणात येऊन संपलं. माणसं एकमेकांच्या नजरेला पडू लागली, कुजबुजू लागली.

दुसरं कारण पहारेकरी. कैद्यांमधून नेमलेला वॉर्डर सरकारी माणूस असतो, तसाच कैदीही असतो. तो मारहाण करतो, चुगल्या करतो, आणि तोच चिठ्ठीही पोचवतो. स्वस्तातला पहारा सरकारला असा महागात पडला.

तिसरं कारण आवाज. भिंत नजर अडवते, ठोका अडवत नाही. बेड्यांच्या खळखळाटातून, भिंतीवरच्या टकटकीतून माणसांनी बोलायची भाषा तयार केली. ‘माझी जन्मठेप’ पुन्हा वाचायला घ्याल तेव्हा हे लक्षात ठेवून वाचा. त्या पुस्तकात मनोऱ्यापेक्षा भिंत जास्त आहे. कोठडीच्या भिंतीवर काट्याखिळ्याने लिहिणं, लिहिलेलं पाठ करणं, सांगावे धाडणं, निरक्षर कैद्यांना अक्षरं शिकवणं, ग्रंथालयासाठी झटणं. सावरकरांच्या राजकारणावर आणि अर्जांवर आपल्याकडे कडाक्याचे वाद आहेत. ते वेगळ्या व्याख्यानाचे विषय आहेत. इमारतीची साक्ष म्हणून बघितलं तर ते पुस्तक फार तपशीलवार आहे. बारींद्रकुमार घोष यांनीही आपल्या अंदमानच्या आठवणी लिहिल्या आहेत. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते : सगळी धडपड पहाऱ्याची नजर चुकवण्यापेक्षा शेजारच्या माणसापर्यंत पोचण्यासाठी आहे. इमारतीची खरी सत्ता कशात होती, ते कैद्यांना बरोबर कळलं होतं.

१९२१ च्या सुमारास राजकीय कैद्यांना परत आणलं. १९३२ पासून पुन्हा पाठवायला सुरुवात झाली. आता आलेली पिढी वेगळी होती. मे १९३३ मध्ये त्यांनी सामुदायिक उपोषण केलं. जबरदस्तीने अन्न घालण्याच्या प्रयत्नांत महावीर सिंह, मोहनकिशोर नामदास आणि मोहित मैत्र या तिघांचा मृत्यू झाला. तरी उपोषण मोडलं नाही. शेवटी सरकारला पुस्तकं, वर्तमानपत्रं, उजेड, बरं अन्न अशा सवलती द्याव्या लागल्या. मग त्याच कोठड्यांमधून अभ्यासवर्ग चालू झाले. १९३५ मध्ये तिथेच कैद्यांचा कम्युनिस्ट गट संघटित झाला. जुलै १९३७ मध्ये दुसरं मोठं उपोषण झालं. यावेळी मागणी होती मायदेशी परत नेण्याची. जानेवारी १९३८ पर्यंत राजकीय कैदी परत आले.

सामुदायिक उपोषण म्हणजे काय, याचा इमारतीच्या अंगाने विचार करा. अनेक माणसं मिळून जेवण नाकारतात. हे होण्याआधी किती निरोप गेले असतील, किती शंका निघून मिटल्या असतील! प्रत्येक माणूस एकटा राहावा यासाठी बांधलेल्या इमारतीत हे घडलं. माझ्या दृष्टीने सेल्युलर जेलचा पराभव १९४७ मध्ये झाला नाही, तो १९३३ मध्ये झाला. आणि आपण ‘पॅनॉप्टिकॉन, पॅनॉप्टिकॉन’ म्हणत मनोऱ्याकडे बघत राहिलो तर हा पराभव आपल्याला दिसतच नाही. त्या गोष्टीत फक्त बघणारा मोठा होतो. भिंतीच्या गोष्टीत दोन्ही बाजूंना माणसं आहेत.

इथे कुणी म्हणेल, फुकोचं काय? मिशेल फुकोने १९७५ च्या पुस्तकात पॅनॉप्टिकॉनला आधुनिक सत्तेचं चित्र म्हणून वापरलं. ठीक आहे. ते चित्र आहे. शाळा, कारखाना, इस्पितळ यांतल्या शिस्तीबद्दल बोलायला ते उपयोगी पडतं. पण चित्र हाताशी आलं म्हणून समोरची वीट-चुन्याची इमारत न बघताच तिला त्याचं नाव देणं हा आळस आहे. क्यूबातला प्रेसिडिओ मोडेलो बघा. गोल इमारती, परिघावर कोठड्या, मधे एकटा मनोरा. तिथे बेंथमचं नाव घेणं शोभतं. अंदमानचं कूळ फिलाडेल्फिया आणि पेंटनव्हिलचं आहे.

आता स्मारकाबद्दल. २६ जून १९४१ रोजी अंदमानला मोठा भूकंप झाला, त्यात इमारतीचं नुकसान झालं. मार्च १९४२ मध्ये जपानी आले आणि १९४५ पर्यंत राहिले. त्या काळात या कोठड्यांत पुन्हा हिंदी माणसंच होती, हेरगिरीच्या संशयावरून पकडलेली. डॉ. दिवाण सिंग, ज्यांना ‘कालेपानी’ म्हणत, त्यांचा जानेवारी १९४४ मध्ये इथेच जपान्यांच्या छळाने अंत झाला. त्याच्या दोनच आठवडे आधी, ३० डिसेंबर १९४३ ला, सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला होता. हे दोन प्रसंग शेजारी ठेवायला आपल्याला अवघड जातं, पण इमारतीने ते दोन्ही पाहिलेत.

स्वातंत्र्यानंतरही पाडापाड झाली. माजी कैद्यांनी आवाज उठवला, तेव्हा ती थांबली. आज सातांपैकी तीन चाळी आणि मनोरा शिल्लक आहेत. १९६३ मध्ये आवारात गोविंद वल्लभ पंत रुग्णालय झालं. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाईंनी उरलेली वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण केली. २०१४ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहे.

रुग्णालयावर अनेक जण चिडतात. मी चिडत नाही. बेटावर माणसं राहतात, त्यांना इस्पितळ लागतं. तुरुंगाच्या जागी दवाखाना होणं यात अपमान कसला? माझी तक्रार वेगळी आहे. चार चाळी गेल्या, त्यांच्याबरोबर मांडणीही गेली. आज प्रेक्षकाला चाक दिसत नाही, तुटका पंखा दिसतो. एका चाळीचं तोंड दुसरीच्या पाठीला का, हा या इमारतीचा गाभा. तो समजायला सगळे आरे डोळ्यांसमोर हवेत. उरला तो देखणा मनोरा, आणि सगळं लक्ष त्याच्याकडे जातं. पॅनॉप्टिकॉनचा गैरसमज टिकून राहण्यात या पाडापाडीचाही हात आहे.

दुसरी तक्रार निवेदनाबद्दल. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमात आवारातला पिंपळ बोलतो. कल्पना चांगली आहे, लोक गहिवरतात. मनोऱ्यात संगमरवरावर प्रांतवार नावं कोरलेली आहेत. ती असायलाच हवीत. पण ज्यांच्यासाठी ही इमारत बांधली आणि ज्यांच्या हातांनी बांधली, ते हजारो साधे कैदी त्या दगडावर नाहीत. ते गुन्हेगार होते, मान्य. पण त्यातले बरेच जण तिथेच राहिले, त्यांनी संसार केले. त्यांच्या वंशजांना अंदमानात आजही ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. बेट उभं केलं ते त्यांच्या खापरपणज्यांनी. त्यांच्या कुठल्या चिमुकल्या पोराने ‘माझे खापरपणजोबा इथे कुठे आहेत?’ असं स्मारकात विचारलं, तर आपल्याकडे उत्तर हवं.

काय करता येईल? खर्चिक काही सुचवत नाही. गेलेल्या चाळींच्या पायाच्या रेषा, जिथे जमेल तिथे, जमिनीवर फरसबंदीने आखाव्यात. रुग्णालयाच्या आवारातून एखादी रेषा गेली तरी बिघडत नाही. सातही चाळींचा एक नमुना असा ठेवावा की माणसाने वाकून एका कोठडीच्या दारातून समोर बघावं आणि त्याला समोरची पाठ दिसावी. एका कोठडीत कैद्याला बसवतात तसं प्रेक्षकाला दोन मिनिटं एकटं बसू द्यावं, आणि शेजारच्या कोठडीतून कोणीतरी भिंतीवर टकटक करावी. निवेदन नको, संगीत नको. त्या टकटकीला प्रेक्षकाने उत्तर दिलं तर त्याला हा तुरुंग कळला असं मी समजेन.

आजच्यापुरतं एवढंच. ‘माझी जन्मठेप’ घरात असेल तर या आठवड्यात ते पुन्हा काढा, आणि भिंतींचा उल्लेख कुठे कुठे येतो तिथे पेन्सिलीने खूण करत वाचा. प्रश्न असतील तर जरूर विचारा.